ड्रॉन बाय : मी, वय ४७. आता बी.आर्क. करावं का? (बडोदा)

ट्रेसिंग_पेपर | ११ जानेवारी, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे. लिहायला आज पहिल्यांदाच बसलेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी बडोद्याची. माहेर घडियाळी पोळेतलं, सासर मांजलपूरला. दहावीनंतर आर्किटेक्चरल असिस्टंटशिपचा तीन वर्षांचा डिप्लोमा केला आणि १९९८ पासून ड्राफ्टिंग करतेय. सुरुवातीला बोर्ड, टी-स्क्वेअर, ट्रेसिंगवर रोट्रिंग पेन. रेघ चुकली की अर्ध्या ब्लेडनं शाई खरवडायची, आणि कागदाला भोक पडलं की सरांनी ओरडण्याआधी आपणच रडून घ्यायचं. मग ऑटोकॅड आलं, स्केचअप आलं, आता रेविट. तीन ऑफिसं झाली. सध्याच्या ऑफिसात मला सगळे 'बेन' म्हणतात. साइटवरचा मिस्त्रीसुद्धा सरांना फोन न करता मलाच करतो, कारण छज्जा कुठे अडतोय हे मला पाठ असतं.

आमच्याकडे एक मुलगी ट्रेनी म्हणून आली होती. गुणी आहे. बी.आर्क. (आर्किटेक्चरची पाच वर्षांची पदवी) झालं, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी नंबर आला आणि ती आमच्याकडेच राहिली. मला काकू म्हणते. "काकू, जिन्याचा रायझर किती धरू?" "दीडशे धर, ट्रेड तीनशे, आणि वरच्या लँडिंगला डोकं आपटतंय का ते सेक्शनमध्ये बघ." असं आमचं चालतं. गेल्या महिन्यात गोत्रीच्या एका बंगल्याचं सबमिशन होतं. प्लॅन माझा. म्हणजे अगदी माझा: चौक, जिना, देवघराची खिडकी, सगळं. सर परदेशी होते, म्हणून सही तिनं केली. शीटच्या टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे नकाशावरच्या नावांच्या चौकटीत, 'आर्किटेक्ट'पुढे तिचं नाव, नंबर, शिक्का. 'ड्रॉन बाय'पुढे, म्हणजे नकाशा कुणी काढला त्या ओळीत, माझ्या नावाची दोन अक्षरं. सत्तावीस वर्षं तीच दोन अक्षरं.

तिचा राग नाही हो. तीच म्हणाली, "काकू, तुम्ही का नाही करत?" तेव्हापासून झोप नाही.

मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, यजमानांची नोकरी अजून आठ वर्षं. प्रश्न असा : ४७ व्या वर्षी बी.आर्क. करता येतं का? करावं का? की ग्रीन बिल्डिंगची परीक्षा किंवा एम.डेस. (डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी) असं काही छोटं करून तेच साधतं? ज्यांनी उशिरा शिक्षण घेतलंय त्यांनी कृपया लिहा. 'वय हा फक्त आकडा आहे' असं कुणी लिहू नका, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते रोज येतं.

---

मांजलपूरकर | १२ जानेवारी, सकाळी ७:०५

ताई, करून टाका. बिनधास्त. ५२ तर तुम्ही तशाही होणारच आहात.

---

लोटांगण | १२ जानेवारी, सकाळी ७:३१

५२ होणारच, पण पाच वर्षांचा पगार घेऊन की न घेता, हा प्रश्न आहे. मांजलपूरकर, तुमच्या उत्साहाची फी कोण भरणार?

---

बाजवा_लोकल | १२ जानेवारी, सकाळी ९:१२

डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो ना? माझ्या भाच्याला मिळाला. म्हणजे चारच वर्षं. शिवाय अनुभव २७ वर्षांचा, आणखी एखादं वर्ष सोडतील.

---

रजाचिठ्ठी | १२ जानेवारी, दुपारी १:२०

बाजवा, तुमचा भाचा इंजिनिअरिंगला गेला असणार. डिप्लोमावरून दुसऱ्या वर्षाला प्रवेश बी.ई.ला आहे, बी.आर्क.ला नाही. आर्किटेक्चरला सगळे पहिल्या वर्षापासून, पूर्ण पाच वर्षं, रोज कॉलेजात हजर राहून. संध्याकाळचे वर्ग नाहीत, पत्राने नाही. अनुभवाची सूट वगैरे शून्य. तुम्ही सत्तावीस वर्षं जिने काढले असलेत तरी पहिल्या सेमिस्टरला अक्षरं काढायला बसावं लागेल.

ताई, मी सिव्हिलवाला. नकाशे पास करून घेण्यात अर्धं आयुष्य खंडेराव मार्केटमधल्या महापालिकेच्या पायऱ्या झिजवल्या. आता ते ऑनलाइन झालंय, म्हणून पायऱ्या वाचल्या. कायदा काय म्हणतो ते आधी नीट बघू, कारण यात लोकांचा फार गोंधळ असतो.

आर्किटेक्ट्स ॲक्ट १९७२ चा. त्यातलं ३७ वं कलम सांगतं की कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसलेल्या माणसानं 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावायची नाही. पण घराचा नकाशा काढायचाच नाही, असं ते म्हणत नाही. १७ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टानं हेच स्पष्ट केलं. प्रकरण नोएडातल्या एका सरकारी पदाच्या नावावरून होतं. कोर्टानं म्हटलं की कायदा नाव वापरायला बंदी करतो, कामाला नाही. त्यामुळे तुम्ही काढलेला चौक बेकायदा नाही. त्याच्याखाली 'आर्किटेक्ट' लिहिणं बेकायदा.

दुसरी गोष्ट सहीची, आणि ती वेगळी आहे. गुजरातच्या २०१७ च्या सामायिक विकास नियमावलीत 'ऑन रेकॉर्ड', म्हणजे सही करून जबाबदारी घेणारी, माणसं ठरलेली आहेत : आर्किटेक्ट, इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर, क्लर्क ऑफ वर्क्स. प्रत्येकाची पात्रता वेगळी, नोंदणी वेगळी. तुमच्या डिप्लोमावर यातलं काय बसतं ते मार्कशीट घेऊन नगर सेवा सदनात, म्हणजे महापालिकेत, प्रत्यक्ष विचारा. आमच्यासारख्यांच्या तोंडी सल्ल्यावर जाऊ नका.

तेव्हा आधी स्वतःला विचारा, तुम्हाला यातलं नेमकं काय हवंय? उपाधी, सही, पगार की ज्ञान? चारही एका कागदावर मिळतील असा एकच कागद आहे, आणि तो पाच वर्षांचा आहे.

---

ट्रेसिंग_पेपर | १२ जानेवारी, रात्री १०:५५

रजाचिठ्ठीदादा, आयडी वाचूनच हसले. आमच्या ऑफिसात रजाचिठ्ठी आली की पेढे. पुण्याची जाऊ एकदा विचारत होती, "सुट्टी मिळाली म्हणून पेढे?" बाहेरच्यांसाठी सांगते, इथे बांधकामाच्या परवानगीला रजाचिठ्ठी म्हणतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे देते. ज्ञान थोडंफार आहे. पगार वाढला तर नको म्हणणार नाही. मला त्या चौकटीत पूर्ण नाव हवंय. हे लिहिताना जरा बालिश वाटतंय.

---

कोनाडा | १३ जानेवारी, सकाळी ८:१५

पदवीचं एवढं कौतुक कशाला? ल कॉर्ब्युझिए कुठे आर्किटेक्चर कॉलेजात गेला होता? चंदीगड उभं केलंच ना त्यानं?

---

लोटांगण | १३ जानेवारी, सकाळी ८:२२

त्याला बडोदा महानगर सेवा सदनात नकाशा सबमिट करायचा नव्हता.

---

डक्टवाला | १३ जानेवारी, दुपारी ३:४०

एम.डेस.चं आधी निकालात काढतो. त्यासाठी सीड परीक्षा असते, आयआयटी मुंबई घेते. वयाची अट नाही, कितीही वेळा द्या. पण बारावीनंतरची निदान तीन वर्षांची पदवी किंवा डिप्लोमा लागतो. तुमचा डिप्लोमा दहावीनंतरचा. दार बंद. वाईट वाटून घेऊ नका, मलाही हे अर्ज भरायला बसल्यावरच कळलं होतं.

आता ग्रीन बिल्डिंग. मी एसीचा माणूस, डक्ट-चिलरवाला. ५१ व्या वर्षी लीड या अमेरिकी ग्रीन बिल्डिंग रेटिंग पद्धतीची ग्रीन असोसिएट परीक्षा दिली. या परीक्षेला पदवीची अट नाही, १८ पूर्ण असले की झालं. (आपण दोघंही त्यात बसतो.) दोन तास, शंभर प्रश्न, सगळे पर्यायी. गुण १२५ ते २०० च्या पट्टीवर, पास व्हायला १७०. म्हणजे काहीही न येता १२५ मिळतात, असा औदार्यानं भरलेला निकाल मी शाळेतही पाहिला नव्हता. पण १६५ आले तर घरी तोंड दाखवणं अवघड, कारण बायकोला वाटतं दोनशेपैकी एकशे पासष्ट म्हणजे फर्स्ट क्लास.

अभ्यासाला रोज पहाटे दीड तास, साडेतीन महिने. पाठांतर बरंच आहे. ॲश्रे या एसीवाल्या इंजिनिअरांच्या अमेरिकी संस्थेची मानकं एकमेकांत मिसळायची, तेव्हा मी आपली खूण केली : ५५ म्हणजे उकाडा (माणसाला आरामशीर वाटतंय का), ६२.१ म्हणजे खिडकी (ताजी हवा किती), ९०.१ म्हणजे लाइटबिल (वीज किती). आजही तसंच लक्षात आहे. तुम्हाला साइट, पाणी, साहित्य हे भाग सोपे जातील. रेफ्रिजरंटमध्ये (एसीतला थंड करणारा वायू) अडाल, तेव्हा मला विचारा.

परीक्षा घरूनही देता येते. कॅमेऱ्यातून खोलीच्या चारी भिंती दाखवायला लावतात, टेबलाखालीसुद्धा. ऐन वेळी आईनं देवघरात घंटा वाजवली, आणि हा आवाज कसला हे त्या गोऱ्या बाईला इंग्रजीतून समजावताना माझी चार मिनिटं गेली.

मिळालं काय? सही नाही, उपाधी नाही. नावापुढे चार अक्षरं, आणि मीटिंगमध्ये आर्किटेक्ट बोलत असताना मला मध्ये बोलता येऊ लागलं. दर दोन वर्षांनी १५ तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं, नाहीतर ती चार अक्षरं जातात. आपल्याकडे हैदराबादच्या आयजीबीसीचीही (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल) अशीच परीक्षा आहे. गुजरातेत त्यांची रेटिंगं बरीच चालतात, तीही बघा.

---

जर्सीवासी | १३ जानेवारी, रात्री ११:५८

मूळचा दांडिया बाजारचा, सध्या न्यू जर्सी. इथलं चित्र सांगतो, तुलना म्हणून.

इथे पदवी मिळाली म्हणून आर्किटेक्ट होत नाही. आधी ३,७४० तासांचा नोंदवलेला अनुभव, मग एआरई नावाची सहा भागांची परीक्षा. एकेक भाग म्हणजे एकेक डोंगर. पूर्वी असं होतं की एक भाग पास झालात की पाच वर्षांत बाकीचे झाले पाहिजेत, नाहीतर पहिला बाद. बाळंतपणं, मंदी, आजारपणं यात लोकांचे पास झालेले भाग वाया जायचे. २०२३ मध्ये ते पाच वर्षांचं घड्याळ काढून टाकलं. माझ्या ऑफिसात ५६ वर्षांचा एक सहकारी आहे, बारा वर्षांपूर्वी अर्धवट सोडलेली परीक्षा त्यानं पुन्हा काढली.

आणखी एक. काही राज्यांत, उदाहरणार्थ न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात, आर्किटेक्चरची पदवी नसली तरी जास्त वर्षांच्या अनुभवावर परीक्षेला बसता येतं. आपल्याकडे उलटं आहे. पदवीनंतर परीक्षा नाही, पण पदवीशिवाय वाटच नाही.

---

ट्रेसिंग_पेपर | १४ जानेवारी, सकाळी ६:५०

म्हणजे मी बडोद्यात ड्राफ्ट्समन आणि न्यूयॉर्कात उमेदवार! आज उत्तरायण. गच्चीवरून पतंगाला बांधून पाठवा मला.

---

सुरसागर | १५ जानेवारी, दुपारी १२:१०

वासी उत्तरायणाचा दिवस, उंधियू खाऊन लिहितोय, क्षमस्व.

या गावात ज्यांच्याकडे कागद नाही पण हात आहे अशांसाठीच एक शाळा काढली होती, ते कुणाला आठवतंय का? सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कला भवन सुरू केलं. पहिले मुख्याध्यापक त्रिभुवनदास गज्जर. कारागिराच्या पोरानं इंग्रजी येत नाही म्हणून बाहेर राहू नये, असा त्यांचा हट्ट होता. रंगकाम, सुतारकाम, रेखाटन आपल्या भाषेत शिकवायचं. दादासाहेब फाळके तिथलेच. त्यांनी तिथे चित्रकलेबरोबर वास्तुकलाही शिकून घेतली, आणि १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळवलं. पुढे फोटोग्राफी, छापखाना, काय काय केलं, आणि पहिला चित्रपट पडद्यावर आला तेव्हा वय ४३. म्हणजे आमच्या ताईंहून चारच वर्षांनी लहान.

---

लोटांगण | १५ जानेवारी, दुपारी १२:३३

सुरसागरकाका, फाळक्यांनी त्यासाठी विम्याच्या पॉलिशीवर कर्ज काढलं होतं, हेही सांगा ना. माझा मुद्दा तोच आहे.

ताई, हिशेब मांडू. तुमचा पगार मला माहीत नाही. समजा ३८ हजार. पाच वर्षांचे ६० महिने, म्हणजे २२ लाख ८० हजार रुपये घरात येणार नाहीत. वर फी, मॉडेलचं सामान, प्रिंट. बाहेर पडाल तेव्हा ५२-५३. नवा शिक्का घेऊन किती वर्षं काम कराल? मी नको म्हणत नाही, फक्त आकडा समोर ठेवून बोला. इथे सगळे टाळ्या वाजवायला जमलेत, आणि टाळ्यांना जीएसटी लागत नाही.

---

सराफ्यातली | १६ जानेवारी, रात्री १२:४५

इंदूरहून. हा धागा मैत्रिणीनं पाठवला, कारण मी हे केलंय. ३९ व्या वर्षी बी.आर्क.ला बसले, ४४ व्या वर्षी बाहेर पडले. त्याआधी चौदा वर्षं इंटिरिअरच्या ऑफिसात ड्राफ्टिंग. कॉलेजचं नाव घेत नाही.

आधी कोरडी माहिती. प्रवेशासाठी नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, वयाची वरची मर्यादा नाही. बारावी गणितासह, किंवा दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, पण त्यातही गणित हवंच. डिप्लोमाची मार्कशीट आजच काढा आणि त्यावर 'गणित' हा शब्द छापलेला आहे का ते बघा. माझ्या मार्कशीटवर विषयाचं नाव भलतंच होतं, त्यासाठी तंत्रनिकेतनातून पत्र आणायला सहा खेपा झाल्या. परीक्षेत चित्राचा भाग कागदावर, बाकीचा संगणकावर. चित्राची तुम्हाला भीती नाही असं तुम्हाला वाटेल. थांबा.

माझी सगळ्यात मोठी अडचण वय नव्हती. पोरं पहिल्या दिवशी मला मॅडम समजून उभी राहिली, दुसऱ्या दिवशी दीदी म्हणाली, आठवड्यात कँटीनची उधारी माझ्या नावावर लागली. पहाटे तीनपर्यंत मॉडेल चिकटवताना गुडघे दुखायचे, पण ते औषधानं थांबतं. सुटलं नाही ते हातातलं वळण.

पहिल्याच ज्यूरीत, म्हणजे परीक्षकांसमोर डिझाइन मांडताना, मला विचारलं, "हा जिना इथे का?" मी म्हटलं, "बसतो म्हणून." सगळे हसले. मला कळेचना हसण्यासारखं काय आहे. चौदा वर्षं हेच तर करत होते, जिना बसवत होते. डक्ट चुकवायचा, बीम चुकवायचा, मार्जिन सांभाळायचं, आणि जिना 'बसवायचा'. शेजारच्या अठरा वर्षांच्या पोराचा जिना चढताच येत नव्हता, प्रत्येक पायरी वेगळ्या उंचीची. त्याला विचारलं तर म्हणाला, "सर, माणूस वर जाताना चिंचेच्या झाडाजवळून जावा असं वाटलं." त्याला माझ्यापेक्षा जास्त गुण. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, उद्यापासून जात नाही.

गेले. दोन सेमिस्टर माझ्या शीटवर 'टू करेक्ट', म्हणजे जरा जास्तच बिनचूक, असा शेरा यायचा. बांधता येणार नाही असं काही काढायला हात धजायचाच नाही. एक तरुण शिक्षक होते, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. त्यांनी मला महिनाभर पट्टी वापरायची बंदी केली. कोळशानं काढा म्हणाले. कोळशानं चिंचेचं झाड काढताना मला पहिल्यांदा कळलं की मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या 'का'ला 'कसं' पुरवत होते. तिसऱ्या वर्षापासून मात्र बाजी उलटली. वर्किंग ड्रॉइंग आणि बांधकाम साहित्याच्या विषयांना अर्धा वर्ग माझ्या घरी पोहे खायला.

लोटांगण म्हणतात ते खरं आहे. आमचं कर्ज अजून फिटतंय. आता स्वतःचं छोटं ऑफिस आहे, वर्षाला सहा-सात घरं. पहिल्या ऑफिसातल्या पगारापेक्षा फार जास्त सुटत नाही. पण ताई, तुम्ही लिहिलंय 'प्लॅन माझा, अगदी माझा'. एक विचारू? तो चौक तिथे का आहे?

---

ट्रेसिंग_पेपर | १७ जानेवारी, रात्री ११:१५

सराफ्यातली, तुमची पोस्ट तीनदा वाचली. एकदा ऑफिसात, एकदा बसमध्ये, एकदा आत्ता.

चौक तिथे का? उत्तर लिहायला बसले आणि आधी 'पश्चिमेचं ऊन अडतं, बाथरूमला शाफ्ट वेगळा लागत नाही' असंच लिहिलं. मग खोडलं. लहानपणी शाळेच्या सहलीला आम्हाला रावपुऱ्यातला तांबेकर वाडा दाखवला होता. भिंतीभर जुनी चित्रं आहेत तिथे. सगळ्या मुली चित्रं बघत होत्या, मी चौकातलं ऊन सरकताना बघत उभी राहिले आणि रांगेतून मागे पडले, बाईंनी कान धरला. त्या बंगल्यात तेच ऊन आलंय. हे मी सरांना कधी सांगितलं नाही, कारण आमच्याकडे असं कुणी विचारत नाही. सर विचारतात, "बेन, शुक्रवारपर्यंत होईल?"

मार्कशीट सापडली. गणित एक आणि गणित दोन, दोन्ही छापलेले आहेत. दुसऱ्यात जेमतेम पास आहे, ते इथेच सांगून टाकते.

---

रजाचिठ्ठी | १८ जानेवारी, सकाळी १०:३०

ताई, एक स्वस्त उपाय सुचवतो. 'आर्किटेक्ट' हा शब्द राखीव आहे, पण टायटल ब्लॉकमधल्या बाकीच्या ओळी नाहीत. 'डिझाइन टीम' असा एक रकाना करायला आणि त्यात तुमचं पूर्ण नाव घालायला कुठलाच कायदा आडवा येत नाही. रेविटमध्ये दोन मिनिटांचं काम. सरांकडे मागा.

---

डक्टवाला | १८ जानेवारी, सकाळी ११:०२

दादा, मागून मिळालेला रकाना हा सरांच्या मर्जीचा. उद्या ऑफिस बदललं की नाव तिथेच राहतं, आपण पुढे जातो. कागद असा हवा की जो पर्समध्ये घालून दुसरीकडे नेता येतो.

---

रजाचिठ्ठी | १८ जानेवारी, सकाळी ११:२०

मान्य. पण सत्तावीस वर्षांत मागितलंच नसेल तर आधी मागून तर बघू दे. मिळालं नाही तर तेही एक उत्तरच.

---

डक्टवाला | १८ जानेवारी, दुपारी १२:४५

मग मागायला जाताना हातात काहीतरी घेऊन जा. हे ऐका. लीडच्या व्ही४ पद्धतीत प्रकल्पाच्या चमूत त्या प्रकाराचा एक लीड एपी (लीडची वरची परीक्षा पास झालेला माणूस) असला तर प्रकल्पाला सरळ एक गुण मिळतो. ग्रीन असोसिएट ही त्याची पहिली पायरी, तिचा गुण मिळत नाही, एपीचा मिळतो. सरांना सौरपॅनेल, पाण्याचे नळ यातून एकेक गुण गोळा करताना घाम फुटतो, आणि इथे तुमच्या नुसत्या नावावर एक. हे त्यांना गुजरातीत समजावून सांगा, लगेच समजेल.

---

मांजलपूरकर | १८ जानेवारी, दुपारी १:००

मी तर पहिल्यापासून म्हणतोय, करा.

---

ट्रेसिंग_पेपर | १९ ऑक्टोबर, रात्री ९:३०

धागा बुडाला होता, वर काढतेय. हिशेब द्यायचा राहिला होता.

सरांकडे फेब्रुवारीत गेले. 'डिझाइन टीम'चं सांगितलं. ते म्हणाले, "बेन, तुम्ही तर घरच्या आहात, नाव कशाला?" घरच्या माणसाचं नाव पाटीवर असतं, असं मी म्हटलं नाही. जिना उतरताना सुचलं. सुचायला नेहमी जिना लागतो मला.

मग डक्टवालांच्या पायवाटेनं गेले. उकाडा, खिडकी, लाइटबिल हे स्वयंपाकघराच्या टाइल्सवर लिहून ठेवलं होतं. सासूबाईंना वाटलं, गॅसवाल्याचा हिशेब आहे. रेफ्रिजरंटला अडलेच, त्यांना तीन रविवार छळलं. ऑगस्टमध्ये परीक्षा, १७८ आले. आमच्याकडे देवघराला घंटा नाही, टाळ आहेत. सासूबाईंनी ते आदल्या रात्रीच माळ्यावर टाकले.

नाटाही दिली, एप्रिलमध्ये. कुणाला सांगितलं नव्हतं. सेंटरवर रखवालदारानं पालकांच्या मांडवाकडे हात दाखवला, हॉलतिकीट दाखवल्यावर खुर्ची पुसून दिली. चित्राच्या भागात पट्टी न वापरता काढलं. सराफ्यातलीला फोटो दाखवता आला असता तर बरं झालं असतं, पण कागद बाहेर नेऊ देत नाहीत. पात्र ठरले. प्रवेश घेतला नाही. लेकीचं शेवटचं वर्ष, लोटांगणांचा बावीस लाखांचा आकडा (खरा आकडा त्याहून थोडा कमी आहे, किती ते सांगत नाही), आणि दुसरं म्हणजे सध्या मी एपीचा अभ्यास करतेय. एक मोठं हॉस्टेल आलंय ऑफिसात, क्लायंटला रेटिंग हवंय. सरांनी एका गुणाचं गणित दोनदा समजून घेतलं, आणि परीक्षेची फी ऑफिस भरेल असं स्वतःहून म्हणाले.

त्या हॉस्टेलच्या शीटवर एक नवी ओळ आली आहे. 'सस्टेनेबिलिटी', आणि पुढे माझं पूर्ण नाव, माहेरच्या मधल्या नावासकट. आमची ट्रेनी, आता तिला ट्रेनी म्हणू नये, तिनंच टाइप केलं. फाँट 'आर्किटेक्ट'पेक्षा अर्धा पॉइंट मोठा ठेवलाय, सरांच्या लक्षात आलेलं नाही.

'ड्रॉन बाय'मधली दोन अक्षरं आहेत तशीच आहेत.

---

सराफ्यातली | २० ऑक्टोबर, रात्री १:१०

नाटामध्ये काय काढायला दिलं होतं?

---

ट्रेसिंग_पेपर | २० ऑक्टोबर, सकाळी ६:४०

रस्ता होता, माणसं होती, सांगत बसत नाही. चिंचेचं झाड मागितलं नव्हतं, पण एका कोपऱ्यात जागा होती.

---

निझामपुरा_बस | ३ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

धागा आजच वाचला. मी ४४, आयटीआय ड्राफ्ट्समन सिव्हिल, दोन वर्षांचा कोर्स. दहावीनंतरचाच. मला नाटा देता येईल का?

---

ट्रेसिंग_पेपर | ३ नोव्हेंबर, रात्री १०:२०

भाऊ, आयटीआयवर थेट नाही. बारावी किंवा तीन वर्षांचा डिप्लोमा लागतो, आणि गणित छापलेलं लागतं. आयटीआयवरून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय असते, ते तंत्रनिकेतनात चौकशी करा. ग्रीन असोसिएटला मात्र यातलं काहीच लागत नाही. तुमची दहावीची मार्कशीट कुठे आहे ते आधी बघा. माझी माहेरच्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली निघाली. उकाडा-खिडकी-लाइटबिलची वही स्कॅन करून ठेवली आहे, मेल कळवलात तर पाठवते. डक्टवालांनी पान ११ तपासलेलं नाही, तिथे रेफ्रिजरंट आहे.

---

डक्टवाला | ३ नोव्हेंबर, रात्री १०:४८

पान ११ वर दोन चुका आहेत. उद्या कळवतो.